रूम बघताय? आधी ‘टी’ दाबा!

लवळे, पिरंगुट, हिंजवडी... ॲडमिशन झाली की रूमची शोधाशोध सुरू. वायफाय आहे का, पाणी किती वेळ येतं, सगळं विचारता. पण दारामागचा स्विचचा डीबी बॉक्स कधी उघडून बघता का?

‘एमसीबी आहे ना!’ एवढ्यावर घरमालक खूश, आपणही खूश. पण एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट ओळखतो. माणसाला शॉक बसला, तर वीज तोडायचं काम आरसीसीबीचं. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होतो. आणि सैल सॉकेटमध्ये इंडक्शनची पिन चरचरत ठिणग्या टाकत असेल, तर हे दोघंही गप्प राहू शकतात. आग अशीच लागते. ती ठिणगी ओळखणारा आर्क-फॉल्ट ब्रेकर अमेरिकेच्या विद्युत संहितेत बेडरूमसाठी १९९९ मध्येच आला. आपल्याकडच्या भाड्याच्या खोल्यांत तो शोधूनही सापडणं कठीण.

मग निदान आहे ते तरी चालतंय का, बघा. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली, तर तो नुसता शोभेचा! राहायला गेल्यावरही महिन्यातून एकदा हे करा. सॉकेट गरम लागतोय, जळका वास येतोय? वापर बंद करा, वायरमन बोलवा. स्वतः उघडू नका.

खर्च कोणाचा? माझ्या मते घरमालकाचाच. भाडं घेता, तर सुरक्षित वायरिंग द्या. चौघं मिळून मागा आणि डिपॉझिट देण्याआधीच मागा. नंतर कोण ऐकतंय?