हिमोफिलिया आहे म्हणून दात तसाच ठेवू नका

हिमोफिलियाच्या रुग्णांना हमखास मिळणारा एक सल्ला म्हणजे ‘दाताला हातच लावू नका’. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण माझ्या मते तो नुकसानच करतो. आज साध्या फिलिंगवर भागणारी कीड उद्या मुळापर्यंत जाते. मग पू होतो, गाल सुजतो आणि दात घाईघाईने काढावा लागतो. हिमोफिलियात घाईच महागात पडते.

धोका खराच आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. हिमोफिलिया ‘ए’मध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर ८ कमी असतो, ‘बी’मध्ये फॅक्टर ९. प्लेटलेट्स मात्र सहसा ठीक असतात. त्यामुळे दात काढल्यावर रक्त थांबल्यासारखे वाटते आणि तुम्ही निश्चिंतपणे घरी जाता. पण ती गुठळी कच्ची असते. लाळेमुळे ती विरघळते, जिभेच्या किंवा घासाच्या धक्क्याने निघते. मग काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. सौम्य हिमोफिलिया तर काहींना पहिली दाढ काढल्यावरच कळतो.

हे टाळता येते, फक्त तयारी आधी हवी. फॅक्टर किती व केव्हा द्यायचा, हे तुमचे रक्तविकारतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचे. खालच्या दाढेसाठी जबड्यात खोलवर द्यायचे भुलीचे इंजेक्शन फॅक्टर घेतल्याशिवाय नको. आत रक्त साचून श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. जखमेला टाके आणि पुढे काही दिवस ट्रानेक्झॅमिक ॲसिड, यांनी गुठळी टिकते. दुखले तर डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. जोरजोरात चुळा भरू नका, तंबाखू लांब ठेवा. स्वच्छ गॉज दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर एक क्षणही थांबू नका.

दंतवैद्य नकार देतील या भीतीने आजार लपवू नका. आणि दंतवैद्यांनीही ‘आमच्याकडे होणार नाही’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवू नये. कुठे होईल, तेही सांगावे.

शेवटी, हिरडीतून रक्त येते म्हणून ब्रश बंद करू नका. मऊ ब्रशने रोज दोनदा दात घासा आणि नियमित तपासणी करून घ्या. दात काढायची वेळच न येणे, हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे.