वर्गणीची पुळण

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं एबल टास्मन राष्ट्रीय उद्यान बघायचं तर पाण्यातूनच, कयाकमध्ये बसून. माराहाऊहून उत्तरेला निघालं की डाव्या हाताला जंगल थेट किनाऱ्यापर्यंत उतरलेलं, आणि ग्रॅनाइट झिजून झालेली सोनेरी वाळू. १९९३ पासून राखीव असलेल्या टोंगा बेटाच्या समुद्रात आलात, की वल्हं हळू मारा. खडकांवर फर सील पिल्लांसह पहुडलेले असतात, आणि त्यांची झोपमोड करण्याचा हक्क आपल्याला नाही. भरती-ओहोटीत चार मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे सकाळी भरलेली खाडी दुपारी नुसती ओली वाळू होते. वेळापत्रक समुद्राचं, आपण त्यात बसायचं. मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती अवारोआची पुळण. ती खासगी मालकीची होती आणि विक्रीला निघाली. गावचं देऊळ बांधायला आपल्याकडे घरटी वर्गणी काढतात ना, तशी २०१६ साली सुमारे ४०,००० लोकांनी वर्गणी काढली, २० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली, पुळण विकत घेतली आणि उद्यानाला देऊन टाकली. आज तिथे कुणीही कयाक ओढून वाळूवर टेकू शकतं.