गाडी त्याची, अटी दुसऱ्याच्या

२०२४ सालच्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत मालमोटारींची चाके थांबली, तेव्हा पेट्रोल पंपांपुढील रांगांत उभे राहून शहरवासीयांस मालमोटारचालक नावाचा एक माणूस या देशात असल्याचे स्मरण झाले. अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद देणारे भारतीय न्याय संहितेतील कलम हे त्या संपाचे निमित्त होते. सरकारने ते कलम अमलात आणणे लांबणीवर टाकले, रांगा मोडल्या आणि स्मरणही ओसरले. पुढे २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या दंडांविरुद्ध बंद पुकारला. दोन्ही वेळी गाऱ्हाणे सरकारच्या दारी होते व ते तेथे नेण्यास आमची हरकत नाही. परंतु ज्या प्रश्नावर एका गाडीच्या धन्याचा प्रपंच उभा राहतो किंवा कोसळतो, तो प्रश्न या गदारोळात मागेच राहिला. स्वतःची एकुलती एक गाडी स्वतः हाकणारा चालक-मालक आणि ज्या वाहतूक कंपनीस तो ती गाडी लावतो ती कंपनी, या दोघांमधला करार कोणता, हा तो प्रश्न होय.

तो मागे का राहतो, हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. वाहतूकदारांच्या सभेत शंभर गाड्यांचा धनी आणि एका गाडीचा धनी एकाच सतरंजीवर बसतात. डिझेल, टोल आणि दंड यांविषयी दोघांचा सूर जुळतो. भाड्याचा विषय निघाला की त्यांतील एक देणारा ठरतो व दुसरा घेणारा. आणि व्यासपीठावर बहुधा देणारा बसलेला असतो.

चालकाचा मालक कसा होतो, ते पाहा. पंधरा-वीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर रात्री काढल्यानंतर थोडी शिल्लक, थोडे घरातील सोने आणि बाकीचे वित्तसंस्थेचे कर्ज अशी जुळवाजुळव होते. नोंदणीपुस्तकावर त्याचे नाव चढते, त्याखाली कर्ज देणाऱ्याच्या बोजाचीही नोंद होते. दर्शनी काचेवर मुलांची नावे रंगवली जातात. गाडीची पूजा होते, पेढे वाटले जातात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न उभा राहतो की, माल कोण देणार? चाकणचा कारखाना किंवा भिवंडीचे गोदाम एका गाडीच्या माणसाशी करार करीत नाही. त्यांस एका दूरध्वनीसरशी पन्नास गाड्या हव्या असतात व बिलाचे पैसे सावकाश द्यायचे असतात. म्हणून मध्ये वाहतूक कंपनी लागते. तिला केवळ दलाल म्हणून हिणवणे आम्हांस मान्य नाही. मोठ्या गिऱ्हाइकाची उधारी पोसणे, बिल्टी फाडणे, परतीचा माल शोधणे ही कामे कोणी तरी करावीच लागतात आणि ती नीट करणाऱ्या संस्था या राज्यात आहेत. पण म्हणूनच, गाडी घेण्याच्या खालोखाल कोणाकडे ती लावावी हा या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय ठरतो. तो मात्र कळंबोलीच्या किंवा नागपूरजवळच्या वाडीच्या चहाच्या टपरीवर, कोणी तरी सांगितलेल्या एका आकड्यावर घेतला जातो.

तो आकडा म्हणजे दर किलोमीटरचे भाडे. आमची उमेदीची काही वर्षे वर्गात काळ-काम-वेगाची गणिते घालण्यात गेली असल्याने येथेही एक घालण्याचा मोह आवरत नाही. समजा, गाडी महिन्यास ६,००० किलोमीटर धावते. पहिली कंपनी किलोमीटरला ५४ रुपये देते, पण भरलेल्या किलोमीटरपुरतेच. आणि ६,००० पैकी २,००० किलोमीटर गाडी रिकामी परतते. दुसरी अवघे ४० रुपये देते, मात्र येणे-जाणे दोन्ही धरून. टपरीवर पहिलीचा डंका वाजतो. हिशेब केला तर पहिलीकडून २,१६,००० रुपये मिळतात व दुसरीकडून २,४०,०००. चोवीस हजारांचा हा फरक एखाद्या चालकाच्या महिन्याच्या पगाराएवढा आहे. तेव्हा ‘दर काय?’ याच्या आधी ‘परतीचे काय?’ असे विचारावयास हवे.

याहूनही नकळत रक्त शोषणारी गोष्ट म्हणजे उधारी. गाडी भरतेवेळी भाड्याचा मोठा हिस्सा आगाऊ आणि उरलेला माल उतरवून पोच दाखवल्यावर, ही बाजाराची जुनी रीत. कायम लावलेल्या गाड्यांना मात्र पुष्कळदा महिन्याचे बिल आणि त्यावर दीड-दोन महिन्यांची मुदत असा मामला असतो. आपल्या त्याच गाडीस लीटरमागे चार किलोमीटर पडतात असे धरले, तर महिन्यास १,५०० लीटर डिझेल लागेल; लीटरला ९० रुपये धरता ते १,३५,००० रुपयांचे झाले. दोन महिने भाडे मिळाले नाही तर २,७०,००० रुपयांचे डिझेल त्याने आपल्या पदरचे जाळलेले असते. पदरी तेवढे नसते, म्हणून ते शेकडा दोन रुपये महिना व्याजाने आणले, तर दरमहा ५,४०० रुपये त्यातच गेले. टोल, टायर आणि कर्जाचा हप्ता आम्ही यात धरलेलाच नाही. थोडक्यात, कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कारखान्यास बिनव्याजी कर्ज कोण पुरवतो, तर लोखंडाच्या बाजारात गाडीखाली चादर अंथरून निजलेला हा मनुष्य पुरवतो!

यापुढे कापाकापीचा अध्याय येतो. दलाली, मुन्शियाना, हमाली, वाराई, तूट, फूट, उशीर. प्रत्येक वजावटीस नाव आहे. पुरावा मागितला तर तो क्वचितच मिळतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी दोन दिवस खोळंबली तर त्याची भरपाई म्हणजे हॉल्टिंग. कंपनीस ते गिऱ्हाइकाकडून मिळाले की नाही, हे चालकास कळण्याचा मार्ग नाही. कर्जाचा हप्ता मात्र फाटकाबाहेरही चालूच राहतो. वजनकाट्यावर माल जादा निघाला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये आणि जादा दर टनास दोन हजार असा दंड होतो. जादा माल भरवणारा कार्यालयात बसलेला असतो. दंड अडवून धरतो ती गाडी.

मालाचे नुकसान झाले तर काय, हे विशेष पाहण्याजोगे आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याने वाहतूक कंपनीस नोंदणी सक्तीची केली. माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर भरण्याचे आधी ठरवले नसेल, तर नुकसानीबद्दल कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहील असे त्याखालील नियमांत ठरले. व्यापारी आणि कंपनी यांच्यापुरती ही व्यवस्था समंजस आहे. परंतु तीच कंपनी चालक-मालकाच्या भाड्यातून किती कापू शकेल, याला तशी कोणतीही मर्यादा तेथे नाही. वरच्याच्या डोक्यावर छत्री आहे, खालचा पावसात उभा आहे. शिवाय गाडीचा विमा गाडीत भरलेल्या मालास लागू नसतो, ही गोष्ट कित्येक नव्या मालकांना पहिल्या अपघातानंतर समजते.

म्हणून जो चालकबंधू आज गाडी घेण्याच्या बेतात असेल, त्याने आधी कंपनीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि भाडे, मुदत, रिकामे किलोमीटर, हॉल्टिंग, नुकसानीची मर्यादा हे सर्व कागदावर घ्यावे. मालाचा विमा कोण उतरवणार, तेही त्यात आले पाहिजे. त्याच कंपनीस वर्षभर गाडी लावून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांस गाठून विचारावे. जे अजून आत आहेत त्यांच्या सांगण्यावर फार विसंबू नये. त्यांचे भाडे अडकलेले असते. आणि कंपनी आपलीच जुनी गाडी हप्त्याने देऊ करीत असेल, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत नोंदणी तिच्याच नावे राहणार असेल, तर दहादा विचार करावा. अशा व्यवहारात माल बंद करणारा आणि गाडी ओढून नेणारा एकच असतो.

परंतु एकट्याच्या सावधपणाने हे सुटेल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. ज्यास उद्या माल हवा आहे, तो आज कागद मागू शकत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. वाहतुकीची सेवा देणारा एका गाडीचा धनीही उद्यम नोंदणी करून त्या कायद्याच्या आश्रयास जाऊ शकतो. नोंदणीस पैसा पडत नाही, ती गाडी लावण्यापूर्वी अवश्य करावी. मात्र तक्रार करणाऱ्यास दुसऱ्या खेपेस माल मिळत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे तसेच कंपनीसही ठाऊक आहे. हक्क कायद्यात आहे. तो बजावण्याची किंमत उपासमार आहे.

जो देश खासगी धंद्याच्या स्वातंत्र्याचा उच्चरवाने पुकारा करतो, त्या अमेरिकेने या बाबतीत काय केले? तेथे एका गाडीच्या मालकाने आपला ट्रक कंपनीस भाडेपट्ट्याने लावण्याची पद्धत जुनी आहे व लुबाडणुकीच्या तक्रारीही तितक्याच जुन्या. १९७९ मध्ये तेथील आंतरराज्य व्यापार आयोगाने या पट्ट्यासाठी नियम केले. पट्टा लेखीच हवा. माल पोचल्याचे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. भाडे टक्केवारीने ठरले असेल तर गिऱ्हाइकास दिलेल्या बिलाची प्रत ट्रकमालकास दाखवली पाहिजे. कोणती वजावट कशी मोजणार हे पट्ट्यातच लिहिले पाहिजे. आणि ठेवून घेतलेली अनामत पट्टा संपल्यापासून ४५ दिवसांत परत केली पाहिजे. तो आयोग १९९५ अखेर बरखास्त झाला, नियम राहिले. तेथे सर्व आलबेल आहे असे मात्र नव्हे. कंपनीनेच हप्त्याने ट्रक द्यायचा व आपल्याकडेच लावून घ्यायचा, या प्रकाराने इतके चालक बुडाले की सरकारने नेमलेल्या समितीने तो प्रकार बंदच करावा, अशी शिफारस जानेवारी २०२५ मध्ये केली. तथापि बिलाची प्रत पाहण्याचा हक्क तेथील चालक-मालकास जवळजवळ अर्धशतक आहे. आमच्याकडील चालक-मालकास, आपण वाहिलेल्या मालाचे खरे भाडे किती होते, हे कायम अंधारात राहते.

परदेशाचे दाखले नको असतील तर घरचा घ्या. ज्या गाडीत माल चढतो, तो चढवणाऱ्या हमालाची स्थिती एके काळी याहून वाईट होती. आण्णासाहेब पाटलांनी त्यांस संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. दुसऱ्या कोणत्या राज्याची वाट न पाहता मजुरीचा हिशेब व्यापाऱ्याच्या मर्जीतून काढून मंडळाच्या हाती दिला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी पुढे कितीही वाद झाले असोत, पाठीवर पोते वाहणाऱ्यास जे संरक्षण देण्याची बुद्धी या राज्यास झाली, ते चाकांवर तेच पोते वाहणाऱ्यास द्यावयाचे राहून गेले. चालक-मालक स्वतःस मजूर म्हणवून घेत नाही आणि सरकार त्यास धनिक समजते, अशा दुहेरी अभिमानात तो सापडला आहे.

अडचण अधिकाराची नाही. संविधानाच्या समवर्ती सूचीत करार हा विषय आहे व त्यात मालवाहतुकीच्या करारांचा नावानिशी उल्लेख आहे. यांत्रिक वाहनेही त्याच सूचीत येतात. राज्य सरकारने एवढेच करावे: तीनांहून अधिक गाड्या नसलेल्या मालकाची गाडी कायम लावून घेणाऱ्या कंपनीस लेखी करार सक्तीचा करावा, पोच दिल्यापासून पैसे देण्याची मुदत ठरवावी, बिलाची प्रत दाखवण्याचे बंधन घालावे, आणि नुकसानीच्या वजावटीस कंपनीला मिळते तीच दहापटीची मर्यादा लावावी. कराराचा नमुना सोप्या मराठीत व हिंदीत एका पानावर छापून प्रत्येक परिवहन कार्यालयात, नोंदणीपुस्तक मिळते त्याच खिडकीवर ठेवावा. वाहतूक कंपन्यांची नोंदणी व तिचे नूतनीकरण परिवहन प्राधिकरणाकडेच होत असते. नूतनीकरणाच्या वेळी या करारांच्या प्रती मागण्यासाठी सरकारास नवे खाते उघडावे लागणार नाही की नवा कारकूनही नेमावा लागणार नाही.