बेसबॉल, शेंगदाणे आणि पालिकेचा खिसा

परवा शनिवारी ऑफिसमधल्या सात-आठ जणांबरोबर हार्टफर्डच्या डंकिन पार्कमध्ये मॅच बघायला गेलो होतो. गल्ली क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल जितपत कळतं तितपतच मला कळतं, पण त्याने काही अडत नाही. संध्याकाळचं ऊन, समोर हिरवंगार मैदान, आणि दर थोड्या वेळाने पोरांसाठी काहीतरी गंमत. यार्ड गोट्स ही मायनर लीगची टीम, म्हणजे कोलोराडो रॉकीजचे खेळाडू इथे तयार होऊन वर जातात. फक्त शेंगदाणे मिळत नाहीत! ॲलर्जी असलेल्या मुलांनाही येता यावं म्हणून २०१९ पासून इथे त्यांना बंदी. शेंगा सोलत बेसबॉल बघायची इथली जुनी रीत, पण मला निर्णय आवडला. असो.

परत येताना गाडीत एक मित्र म्हणाला, "बघितलीस गर्दी? आणि म्हणे शहराने पैसे पाण्यात घातले!" त्यावरून जो वाद पेटला तो आमचं रॉकी हिल आलं तरी संपला नाही. माझी बाजू इथे मांडतो, कारण ब्लॉगवर मला मध्येच कोणी तोडत नाही. :)

हे स्टेडियम हार्टफर्ड शहराच्या मालकीचं आहे. २०१४ मध्ये ठरलं की शेजारच्या न्यू ब्रिटनमधली टीम इकडे आणायची. (तिथलं स्टेडियमही त्या शहराच्याच मालकीचं, म्हणजे एका पालिकेचा भाडेकरू दुसरीने पळवला.) बजेट ५.६ कोटी डॉलर, उद्घाटन एप्रिल २०१६. आपल्या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नकोच. खर्च फुगला, नवी डेडलाइन मे महिन्यात पडली, तीही हुकली, आणि जूनमध्ये शहराने बिल्डरला काढून टाकलं. तो अख्खा सीझन टीम परगावी खेळली. एप्रिल २०१७ मध्ये एकदाचं दार उघडलं, तोवर आकडा ७ कोटींच्या पुढे गेलेला. मग कोर्टकचेरी. कळीचा मुद्दा काय, तर आर्किटेक्ट नक्की कोणाच्या हाताखाली होता, शहराच्या की बिल्डरच्या! २०१९ मध्ये ज्युरीने शहराच्या बाजूने कौल दिला, २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने खटला पुन्हा चालवायला सांगितला, आणि २०२४ मध्ये शहराने जवळपास एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. रिक्वायरमेंटवर सही कोण करणार हे धड लिहून न ठेवल्याची किंमत!

पण माझा मुद्दा उशिराचा नाहीच. समजा सगळं वेळेत आणि ५.६ कोटींत झालं असतं, तरी? टीमचं भाडं वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर. भागाकार करा: ११२ वर्षं, तेही व्याज न धरता. उरलेली भरपाई व्हायची होती आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंट, सुपरमार्केट वगैरेंच्या टॅक्समधून. खटल्यामुळे ते प्लॉट अडकले आणि पहिली घरं उभी राहायला २०२२ उजाडलं.

आता खरी गोम. कनेक्टिकटमध्ये शहराला स्वतःचा सेल्स टॅक्स लावता येत नाही. मी घेतलेल्या हॉटडॉगवरचा टॅक्स राज्याकडे जातो. शहराच्या हातात मुख्य म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स, आणि हार्टफर्डमधली निम्म्याहून जास्त मालमत्ता सरकारी ऑफिसं, हॉस्पिटलं, कॉलेजं अशी करमुक्त. स्टेडियम शहराचंच, म्हणजे तेही त्यातच. उरलेल्यांच्या डोक्यावर २०१६ मध्ये दर हजार डॉलर करपात्र किमतीमागे ७४.२९ डॉलर टॅक्स होता, अख्ख्या राज्यात सर्वांत जास्त. आमच्या रॉकी हिलचा दर तेव्हा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणजे गर्दी बघून खूश झालेल्या आमच्या टोळक्यातला एकही जण त्या स्टेडियमच्या शहरात टॅक्स भरत नाही. भरतो तो तिथला घरमालक, आणि घरभाड्यातून भाडेकरू. त्यांच्यातले किती जण तिकीट काढून आत येतात, मला शंका आहे.

स्टेडियममुळे शहर बुडालं असं मी म्हणणार नाही, कर्ज आणि पेन्शनचं ओझं फार जुनं होतं. पण २०१८ मध्ये राज्याला हार्टफर्डचं साधारण ५५ कोटी डॉलरचं कर्ज स्वतःकडे घ्यावं लागलं. म्हणजे शेवटी आमच्याही खिशातून गेलेच, फक्त कोणी आम्हाला आधी विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच: स्टेडियमला गुंतवणूक म्हणू नका, बाग म्हणा. बागेतून कोणी नफा मागत नाही. आणि बाग सगळ्या परिसराची असेल तर वर्गणीही सगळ्या गावांनी काढावी, वीट रचायच्या आधी.

मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "रॉकी हिलचे लोक कधी हो म्हणतील का?"

बहुतेक नाही. मग हार्टफर्डवाल्यांनी तरी का म्हणावं?

पुढच्या मॅचची तिकिटं त्याने काढली आहेत. मी जाणार आहे. शेंगदाणे घरी खाऊन.