घाट चढणाऱ्या बाईला गोळी कशाला?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या बायकांना, आणि तिकडे सांगलीत जिमला जाणाऱ्यांनाही, एक सल्ला हमखास मिळतो. व्यायामाने शरीरात 'फ्री रॅडिकल्स' वाढतात, बाईच्या शरीराला ते सोसत नाहीत. म्हणून त्यांना आवरायला रोज क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी आणि ई जीवनसत्त्वाची ती हिरवी कॅप्सूल घ्यायची. सल्ल्यामागे आपुलकी असते. तरीही तो चुकीचा आहे.

त्यातला फ्री रॅडिकल्स वाढण्याचा भाग खरा आहे. या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढताना स्नायू एरवीच्या कैक पट प्राणवायू वापरतात आणि फ्री रॅडिकल्स वाढतात. पण ते म्हणजे निव्वळ कचरा नव्हे. मायटोकॉन्ड्रिया वाढव, स्वतःची संरक्षक एन्झाइम्स तयार कर, असा निरोप ते स्नायूला देतात. सराव अंगी लागतो त्यात या निरोपाचा मोठा वाटा आहे. मग निरोप्यालाच दारात अडवायचं कशासाठी?

जर्मनीत रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तरुण पुरुषांना चार आठवडे रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई देऊन व्यायाम करायला लावला. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसलीच नाही. नॉर्वेत पॉलसेन यांच्या २०१४च्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. ११ आठवड्यांच्या सरावानंतर मायटोकॉन्ड्रियातलं एक महत्त्वाचं प्रथिन खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत वाढलं, जीवनसत्त्वं घेणाऱ्यांत वाढलं नाही. दमसास मात्र दोन्ही गटांत सारखाच सुधारला, हेही सांगायला हवं. म्हणजे गोळीने शर्यत बुडते असं नाही. पण पदरात काही पडतं असंही नाही.

निदान अंगदुखी तरी कमी होते ना? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात ५० चाचण्या तपासल्या गेल्या. जाणवेल एवढा फरक सापडला नाही. आणि त्या चाचण्यांतल्या १०८९ जणांत स्त्रिया किती? १२८. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर 'खास स्त्रियांसाठी' असं छापून डबे विकले जातात, याची मला मनापासून चीड येते.

राहिला बाईच्या नाजूकपणाचा मुद्दा. इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकातच फ्री रॅडिकल्सना आवरणारे, ऑक्सिडीकरणविरोधी गुण असतात. आणि माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिच्या सातारा जिल्ह्यात तरी बायकांनी हे नाजूकपणाचं ऐकून घेऊ नये.

मग करायचं काय? आयसीएमआरच्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त मिळतं. ई जीवनसत्त्व मूठभर शेंगदाण्यांत आहे, करडईच्या तेलात आहे. सराव हळूहळू वाढवला की शरीर आपलं संरक्षण आपणच उभं करतं. डॉक्टरांनी कमतरता पाहून दिलेली गोळी अर्थातच घ्यावी.

खरी उणीव वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घाटात निम्म्यातच धाप लागते, पाय उचलत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, कारण त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका. आणि डब्यावर पैसे घालण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.