स्टेन्सिलवरची अक्षरे

साठोत्तरी साहित्य शिकवताना दरवर्षी एक वाक्य माझ्या तोंडून सहज निघून जात असे : लघुअनियतकालिकांची चळवळ पाश्चात्त्य बीट पिढीच्या प्रभावातून उदयास आली. इंदापूरहून एसटीने बारामतीला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "पण सर, ते अंक दिसायचे कसे?" मी निरुत्तर झालो. वीस वर्षे ज्यांवर बोलत आलो, त्यांतला एकही मूळ अंक मी हाती घेतलेला नव्हता.

मुळात ते वाक्यच तपासायला हवे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचे 'शब्द' १९५४ साली निघाले. गिन्सबर्गचे 'हाउल' पुस्तकरूपाने आले १९५६ साली आणि तो मुंबईस आला १९६२मध्ये. अशोक शहाणे यांच्या 'असो'च्या काळात या संपर्काने बळ दिले असेल, परंतु बी आधीच रुजलेले होते.

दृश्यरूपाबाबत तर प्रभावाची भाषा अगदीच लंगडी पडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ओरॅकल'ने (१९६६ ते १९६८) छपाईयंत्राच्या एकाच शाईपात्रात निरनिराळ्या शाया ओतून पानभर इंद्रधनुष्य उतरवले. अक्षरे वितळल्यासारखी, वाचकाला मुद्दाम अडवणारी. 'शब्द' मात्र चक्रमुद्रित होते. मेणकागदी स्टेन्सिलवर अक्षर कोरायचे आणि त्या छिद्रांतून शाई कागदावर उतरवायची. जोर अधिक झाला की कागद फाटायचा. तिथे रंगांची चैन कुठली? (भडक रंगांचे म्हणाल, तर आमच्याकडच्या जत्रेतल्या तमाशाच्या जाहिरातींना कोणत्याही हिप्पीकडून धडे घेण्याची गरज नव्हती.)

ही काटकसर केवळ दारिद्र्याची होती, असे मला वाटत नाही. कोलटकर जे. जे.त शिकलेले, जाहिरातक्षेत्रातले नामांकित संकल्पनकार. रंगाची जादू त्यांना पुरेपूर अवगत होती. १९७६च्या इंग्रजी 'जेजुरी'चे मुखपृष्ठ त्यांचेच. अशा माणसाला साधेपणा ही निवडही असू शकते. म्हणूनच मुद्रित संग्रहांत कविता टिकल्या, एवढ्यावर समाधान मानणे मला पटत नाही. कागदाचा पोत, शाईचा फिकटपणा, ओळीभोवतीची मोकळी जागा हाही त्या मजकुराचाच भाग आहे, आणि तो कागद जीर्ण होत चालला आहे. ज्यांच्या घरी असे अंक असतील, त्यांनी ते रद्दीत जाण्याआधी निदान छायाप्रती तरी काढू द्याव्यात.

ती विद्यार्थिनी पुण्याला जाताना मोरगावमार्गे जेजुरीवरूनच जाते. पुढच्या तासाला मी तिला 'जेजुरी'चे मुखपृष्ठ दाखवले. अंक मात्र अजून मिळालेला नाही.