म्हापशाची अक्षरं किती?

'म्हापसा' या शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल तीन. मीही तेच म्हटलं. भोपाळला ताईकडे रात्रीची जेवणं आटोपल्यावर भाची म्हणाली, "मामा, संगणक सात म्हणतो." आणि लॅपटॉपवर मोजूनच दाखवली. म, पायमोडका हलन्त, ह, काना, प, स, काना. झाली सात!

ही आमची भाची महाराणा प्रताप नगरातल्या एका कंपनीत वेबसाइटचा दर्शनी भाग बनवते. आपण पडद्यावर जे रकाने भरतो, जी बटणं दाबतो, ते सगळं. त्याची भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने १९९५ साली ती दहा दिवसांत उभी केली म्हणे. मी पडलो मराठी घेऊन बी. ए. झालेला कारकून, मला त्यातलं काय कळणार? पण ती "पुन्हा वापरता येणारा कोड" म्हणाली आणि मी सावरून बसलो. कारण हा धंदा मी वीस वर्षं करतोय.

सरकारी पत्र लिहायच्या दोन तऱ्हा असतात. एक, जुन्या फायलीतलं पत्र काढायचं, नाव बदलायचं, सहीला पाठवायचं. घाईत एखादी ओळ तशीच राहते. एकदा माझ्या हातून नव्या माणसाच्या आदेशात जुन्या माणसाचं गाव राहिलं होतं, त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. दुसरी तऱ्हा छापील नमुन्याची. कायमचा मजकूर छापलेला, बदलणाऱ्या गोष्टींना रिकाम्या जागा. भाची म्हणाली, "तेच रे मामा! त्याला आम्ही फंक्शन म्हणतो, आणि रिकाम्या जागांना पॅरामीटर." काय छापायचं नि काय रिकामं सोडायचं हे ठरवणं, यातच सगळी अक्कल आहे. कारकुनाचीही आणि तिचीही.

तिची गोष्ट ऐका. एका कामात नावाचा रकाना तिने सात पानांवर चिकटवला होता. नियम एकच, रोमन ए ते झेड. मडगावच्या एका डिसोझाबाईंचा अर्ज काही पुढे जाईना, कारण त्यांच्या आडनावात डी नंतर ॲपॉस्ट्रॉफी! हिने एका पानावर दुरुस्ती केली, उरलेल्या सहा पानांवर बाई तशाच अडकलेल्या. मग हिने तो रकाना एकदाच लिहिला, वेगळा ठेवला, आणि सातही पानं त्यालाच बोलावू लागली. याला ती कंपोनंट म्हणते. दुरुस्ती एकदाच, सुटका सातही ठिकाणी.

पुढे देवनागरी नावं घ्यायचं ठरलं. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून "कुठल्याही लिपीतलं अक्षर" असा नियम लिहिता येतो. हिने तो लिहिला. तर कमल आत आणि कमला बाहेर! कारण यूनिकोडच्या लेखी काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत. चिन्हांनाही परवानगी द्यावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याचा रकाना निम्म्याहून अधिक मराठी माणसांना दारातच उभं ठेवील.

एकाच गोष्टीवर सगळ्यांनी विसंबण्यातही धोका आहेच. २०१६ साली एका प्रोग्रामरने 'लेफ्ट-पॅड' हा आपला अकरा ओळींचा कोड सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला, आणि जगभरच्या कितीतरी प्रकल्पांचं काम काही तास अडलं. अकरा ओळी फक्त! म्हणून सामायिक वस्तूला धनी लागतो. गावच्या विहिरीचा गाळ कुणी काढायचा, तोच प्रश्न.

भोपाळ जिल्ह्याचं आणि आपल्या उत्तर गोव्याचं संकेतस्थळ उघडून पाहा. चेहरा सारखा वाटेल. दोन्ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच साच्यातली आहेत. "सगळं एकसारखं, काय ती कळा" असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. विविधता आपल्या गावांत आणि माणसांत असावी, जन्मतारखेच्या रकान्यात कशाला हवी? माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. खात्याने वेबसाइटची निविदा काढताना नावाचा रकाना दर वेळी नव्याने विकत घेऊ नये. एकदा नीट करून घ्यावा, तो कोणी सांभाळायचा ते लिहून ठेवावं, आणि वापरायला काढण्याआधी आपल्याच माणसांच्या नावांनी तपासून घ्यावा. भोपाळच्या मुलीला आपली नावं कशी ठाऊक असणार? साचा चुकला तर चूकही सगळ्यांना सारखीच वाटली जाते.

असो. निघताना भाची म्हणाली, "मामा, तुमच्या गोव्यातली अडचणीची आडनावं पाठव." घरी आल्यावर पाठवली. कुंकळ्येंकर, वळवईकर, शेणवी धुमे, पै आंगले, डा कोस्टा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "कुंकळ्येंकर झकास गेले. पै आंगले अडकले, मधली मोकळी जागा मी विसरले होते. आज रात्री करते."